देणे कबूल म्हटल्यानंतर : प्रस्तावना

दिवाणी न्यायालयाच्या दप्तरात जे न्यायनिर्णय सर्वांत तोकडे असतात, त्यांत कबुलीवर दिलेल्या निर्णयांचा क्रमांक वरचा लागतो. वादीने हातउसन्या पैशांचा, उधारीवर दिलेल्या मालाचा किंवा कर्जखात्याच्या बाकीचा दावा लावलेला असतो. प्रतिवादी पहिल्या-दुसऱ्या तारखेला हजर होतो आणि कैफियतीत, पुरसिसमध्ये किंवा न्यायाधीशांसमोर तोंडी सांगतो की देणे कबूल आहे. रोजनाम्यात दोन ओळी पडतात. मुद्दे निघत नाहीत, साक्षीपुरावा होत नाही, उलटतपास होत नाही. रक्कम, व्याजाचा दर आणि दाव्याचा खर्च लिहून हुकूमनामा तयार होतो.

अशा निकालांत अभ्यास करण्यासारखे काय असणार, असे विधीच्या विद्यार्थ्याला वाटणे साहजिक आहे. अभ्यासक्रमात हा विषय एखाद्या तासात उरकला जातो, आणि तालुका न्यायालयात नव्याने वकिली सुरू करणारा तो अनुभवानेच शिकतो. मला मात्र हा दिवाणी कायद्याचा फार मोलाचा भाग वाटत आला आहे. एरवी सत्य शोधायला न्यायालयाच्या हाताशी सगळी यंत्रणा उभी असते. कबुली आली की ती यंत्रणा बाजूला सरते आणि उरतो एका माणसाचा शब्द, तोही त्याच्या स्वतःच्याच विरुद्ध दिलेला. त्या शब्दाला दोन प्रश्न विचारावे लागतात. तो खरा आहे का, हा पहिला. तो देताना देणाऱ्याला आपले हक्क ठाऊक होते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'हो' आले म्हणून दुसऱ्याचे 'हो' गृहीत धरता येत नाही. या क्षेत्रात जे जे विचार करण्याजोगे आहे ते या दुसऱ्या प्रश्नातून निघते, आणि त्या प्रश्नाचा फार खोल विचार एकोणिसाव्या शतकात आपल्याच पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी झाला होता. म्हणून नव्या वाचकाचे स्वागत करताना मी त्याला आधी तिकडेच नेणार आहे. पण त्याच्याही आधी थोडे मागे.

धर्मशास्त्रकारांनी प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार मानले होते. मिथ्या म्हणजे साफ इन्कार. संप्रतिपत्ति म्हणजे मान्यता. कारणोत्तर, ज्याला प्रत्यवस्कंदनही म्हणतात, म्हणजे 'घेतले होते, पण फेडले'. प्राङ्न्याय म्हणजे 'याचा निकाल पूर्वीच लागलेला आहे'. खटल्याचे पायही चार सांगितले आहेत : भाषा म्हणजे वादीचे म्हणणे, मग उत्तर, मग क्रिया म्हणजे पुरावा, आणि शेवटी निर्णय. विज्ञानेश्वराची मिताक्षरा सांगते की संप्रतिपत्ति आली की पुराव्याचे कारणच उरत नाही आणि असा व्यवहार दोन पायांवरच पुरा होतो. मनुस्मृतीत यावर दंडाचा हिशेबही आहे. न्यायसभेत देणे मान्य करणाऱ्या ऋणकोला शेकडा पाच, आणि नाकारून खोटा ठरणाऱ्याला त्याच्या दुप्पट. मान्य करूनही दंड सुटत नाही, कारण धनकोला दाद मागायला यावे लागले. पण खरे बोलणाऱ्याचा भार निम्म्याने हलका होतो. आजचे न्यायालय दाव्याचा खर्च कोणावर आणि किती टाकायचा हे ठरवताना प्रतिवादीचे वर्तन पाहते, तेव्हा तो विचार याच जातीचा असतो. कारणोत्तराच्या बाबतीत पुराव्याचे ओझे प्रतिवादीवर जाते, हाही नियम तेव्हाच स्पष्ट होता. ज्यांना या भागात खोल उतरायचे असेल त्यांनी पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा तिसरा खंड आणि वाईच्या प्राज्ञपाठशाळेने लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली काढलेल्या धर्मकोशाचे व्यवहारकांड हाताशी ठेवावे. दोन्ही ग्रंथ मराठी मुलखातल्या माणसांनी, आयुष्यातली वर्षेच्या वर्षे घालून, उभे केले आहेत.

आता दख्खनकडे.

१८५९ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात दोन कायदे झाले. एक दिवाणी कार्यपद्धतीचा, दुसरा मुदतीचा. मुदतीच्या कायद्याने नोंदणी न केलेल्या साध्या कर्जरोख्यावर दावा लावायला तीन वर्षे दिली. हेतू चांगला होता : जुनीपुराणी खते काढून ऋणकोला कोणी छळू नये. गावात घडले ते उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार शेतकऱ्याला बोलावून नवे खत करून घेऊ लागला. नाही म्हटले तर उद्याच दावा. शेतकऱ्याजवळ फेडायला पैसे नसत, म्हणून तो नव्या खतावर अंगठा उठवी. नव्या खतात जुने व्याज मुद्दल होऊन बसे.

हे आकड्यांत पाहावे. समजा १०० रुपये दरमहा शेकडा २ रुपयांनी घेतले. तीन वर्षांत व्याज ७२ रुपये झाले, आणि नवे खत १७२ रुपयांचे झाले. पुढच्या तीन वर्षांनी खत सुमारे २९६ रुपयांचे. आणखी तीन वर्षांनी सुमारे ५०९ रुपयांचे. मध्ये एक पैसाही नव्याने हातात आलेला नाही. सरळ व्याज धरले असते तर नऊ वर्षांचे २१६ रुपये झाले असते, आणि मुंबई इलाख्यात हिंदू ऋणकोला लागू असलेला दामदुपटीचा नियम लावला तर एका वेळी मागता येणारे व्याज मुद्दलाच्या वर, म्हणजे १०० च्या वर, जाऊ शकत नव्हते. देणे फार तर २०० रुपयांचे. दामदुपटीच्या नियमालाही इथे बगल बसे, कारण खत बदलले की हिशेब नव्याने सुरू होई आणि जुने व्याज व्याज म्हणून दिसतच नसे. आता न्यायाधीशाने विचारले, 'हे ५०९ रुपयांचे खत तुझे आहे का? अंगठा तुझा आहे का?' तर शेतकरी काय सांगणार? 'होय' म्हणणार, आणि ते खरे असणार. कबुली खरी आणि देणे खोटे, अशी ही परिस्थिती आहे. या विषयातली सगळी अडचण या एका उदाहरणात दिसते, म्हणून विद्यार्थ्याने हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने मांडावा असा माझा आग्रह आहे.

प्रत्यक्षात बहुतेक शेतकरी न्यायालयापर्यंत पोहोचतच नसत. दावे मोठ्या प्रमाणावर एकतर्फी निकालात निघत. कधी समन्स पोहोचलेले नसे, कधी पोहोचूनही जाण्याचा उपयोग वाटत नसे. जे जात त्यांतले कित्येक सावकाराशी आधीच 'ठरवून' कबुली देऊन येत, कारण पुढच्या पेरणीचे बी त्याच्याकडूनच घ्यायचे असे. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात कापसाला चढलेला भाव युद्ध संपताच कोसळला, सरकारी सारा वाढला, सावकारांनी हात आखडता घेतला आणि जुन्या बाकीचे तगादे सुरू झाले. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावी एका सावकाराने हुकूमनाम्याच्या जोरावर ऋणकोचे घर पाडायला घेतले आणि गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे इथे बाजाराच्या दिवशी उठाव झाला आणि तो पुणे-नगर भागातल्या अनेक गावांत पसरला. दंगलीच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने एक गोष्ट ठळकपणे नोंदवली : लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खते, रोखे, हुकूमनामे मिळवून ते नष्ट करणे हे त्यांचे उद्दिष्ट होते, आणि जिथे कागद मुकाट्याने मिळाले तिथे मारहाण फारशी झाली नाही. शेतकऱ्यांनी जाळले ते स्वतःच दिलेल्या कबुल्यांचे ढीग होते. इतिहासकार या प्रसंगाकडे शेतीच्या अर्थकारणाच्या अंगाने पाहतात आणि ते योग्यच आहे. पण पुराव्याच्या कायद्याच्या अभ्यासकानेही तो तितक्याच बारकाईने वाचायला हवा.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. या क्षेत्रातल्या प्रत्येकाने त्याचे कलम १२ एकदा तरी मूळ शब्दांत वाचावे. सावकाराच्या दाव्याची रक्कम वादात असेल तर न्यायालयाने व्यवहाराचा इतिहास अगदी सुरुवातीपासून तपासायचा, हे कलमाचे मुख्य अंग. खरे नवल पुढच्या भागात आहे. रक्कम कबूल असली तरी चौकशी सुटत नाही. ती सुटते फक्त तेव्हा, जेव्हा ही कबुली खरी आहे आणि सावकाराविरुद्ध आपल्याला कायद्याने कोणते हक्क आहेत याची पूर्ण जाणीव ठेवून ऋणकोने ती दिली आहे, अशी न्यायालयाची खात्री पटते आणि त्या खात्रीची कारणे ते लेखी नोंदवते. एरवी कबुली असूनही चौकशी करणे न्यायालयावर बंधनकारक आहे. वर मी दोन प्रश्न वेगळे केले ते या कलमाकडूनच शिकलो. 'खरी' आणि 'जाणून दिलेली' या दोन अटी कलमात शेजारी शेजारी उभ्या आहेत, आणि दोन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात.

कलम १३ हिशेबाची रीत सांगते : मुद्दल आणि व्याज यांची खाती वेगळी, आणि खत बदलताना मुद्दलात मिसळलेले व्याज पुन्हा बाहेर काढायचे. आपल्या उदाहरणातले ५०९ रुपये या चाळणीतून गेले की पुन्हा १०० रुपयांच्या मुद्दलापाशी येतात. प्रतिवादीची साक्षीदार म्हणून तपासणी करण्याचे बंधनही कायद्याने घातले, म्हणजे एकतर्फी निकालांची सोय आटली. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करणे बंद झाले. सलोख्याने तडजोड करून देणारे गावपातळीवरचे लवाद, सावकाराने पावती आणि खातेउतारा देण्याची सक्ती, दस्तऐवजांची गावातच नोंदणी, असे बरेच काही या कायद्यात आहे. त्याचा तपशील इथे देत नाही.

या कायद्याचा कारभार ज्यांनी जवळून पाहिला त्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आहेत. आधी विशेष न्यायाधीश डॉ. पोलन यांचे सहायक म्हणून आणि नंतर स्वतः विशेष न्यायाधीश म्हणून, १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जाईपर्यंत, ते या जिल्ह्यांतली दुय्यम न्यायालये तपासत फिरले. रानड्यांचे अर्थशास्त्रावरचे लेखन आपण वाचतो, सामाजिक सुधारणांवरचे वाचतो. पण ज्या माणसाने हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा इतका विचार केला, त्याने तालुक्याच्या न्यायालयांत बसून कर्जाच्या दाव्यांची दप्तरे चाळली होती, हे लक्षात घेतले की त्या लेखनाची पाळेमुळे दिसू लागतात.

कायद्याने सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. सावकारांनी गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. तोंडी बोली अशी की पैसे फेडले की जमीन परत. कागदावर मात्र उघड विक्री. मग कायद्यात कलम १० अ घालावे लागले आणि त्या खरेदीखतामागचा खरा व्यवहार तोंडी पुराव्याने दाखवण्याची मुभा शेतकऱ्याला द्यावी लागली. म्हणजे इथेही तोच प्रश्न उभा : कागदावर सही आहे, पण सही करणाऱ्याने नेमके काय मान्य केले होते? पुढे १९३९ आणि १९४७ च्या मुंबई शेतकरी कर्जनिवारण कायद्यांनी हा प्रांत आपल्या ताब्यात घेतला आणि कलम १२ इतिहासजमा झाले.

आज भारतभर जो नियम चालतो तो दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधला आदेश १२, नियम ६. १९७६ च्या दुरुस्तीने त्याला आजचे रूप आले. कबुली कैफियतीतली असो वा बाहेरची, तोंडी असो वा लेखी, दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर, पक्षकाराच्या अर्जावरून किंवा आपणहून, बाकीच्या मुद्द्यांची वाट न पाहता न्यायालय तिच्यावर निर्णय देऊ शकते. अंशतः कबुलीवर अंशतः हुकूमनामाही देता येतो. ८ लाखांचा दावा आहे, व्यापारी म्हणतो ५ लाख देणे आहे, उरलेल्या ३ लाखांचा माल खराब निघाला. तर ५ लाखांचा हुकूमनामा आज, आणि खराब मालाचा वाद पुढे चालू. थकबाकीसाठी वर्षानुवर्षे ताटकळणाऱ्या छोट्या पुरवठादाराला या नियमाचा केवढा आधार आहे हे न्यायालयात बसणाऱ्याला ठाऊक आहे. कबुलीवरचा झटपट हुकूमनामा नेहमी बलवानाच्याच बाजूने पडतो, असे समजणे चुकीचे ठरेल.

नियमातला महत्त्वाचा शब्द 'देऊ शकते' हा आहे. निर्णय देणे ही सक्ती नाही. उत्तम सिंग दुग्गल विरुद्ध युनायटेड बँक ऑफ इंडिया या २००० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नियमाचा हेतू व्यापक ठेवला : संचालक मंडळाच्या ठरावात आणि बँकेशी झालेल्या पत्रव्यवहारात देणे मान्य केलेले असेल, तर कैफियतीत उडवाउडवी करून त्यातून सुटता येत नाही. दुसऱ्या बाजूला हिमानी अलॉइज विरुद्ध टाटा स्टील, २०११. तिथे दोन कंपन्यांच्या बैठकीच्या इतिवृत्तात एक रक्कम येणे म्हणून लिहिली होती. पण ती तात्पुरती होती, हिशेब पडताळून पाहायचे होते. न्यायालयाने सांगितले की कबुली निःसंदिग्ध हवी, जाणीवपूर्वक हवी, आणि तिने आपण बांधले जाणार हे समजून दिलेली हवी; पूर्ण सुनावणीचा हक्क काढून घेणारा हा अधिकार जपून वापरला पाहिजे. हे दोन निकाल लागोपाठ वाचावेत. दोन्हींत कागद आहेत, दोन्हींत आकडे आहेत, आणि निष्कर्ष उलटे आहेत. फरक कागदाच्या स्वरूपात नाही, तो लिहिणाऱ्याच्या मनात काय होते यात आहे. कबुली संपूर्ण वाचायची, त्यातला सोयीचा अर्धा भाग उचलायचा नाही, हेही न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. 'पैसे घेतले, पण मार्चमध्ये परत केले' यातले 'पैसे घेतले' एवढेच तोडून हुकूमनामा देता येत नाही. शास्त्रकारांचे कारणोत्तर इथे पुन्हा भेटते.

आता एक बारीक गोष्ट, कारण नवा वकील नेमका इथे अडखळतो. न बोलून दिलेली कबुलीही कबुलीच असते. आदेश ८ चे नियम ३ ते ५ सांगतात की वादपत्रातले प्रत्येक विधान नेमकेपणाने नाकारले पाहिजे; जे नाकारले नाही ते मान्य धरले जाते. वादपत्रात लिहिले आहे, 'प्रतिवादीने १ लाख रुपये हातउसने घेतले.' कैफियतीत ठरावीक वाक्य येते : 'परिच्छेद ३ मधील मजकूर खोटा असून प्रतिवादीने १ लाख रुपये घेतलेले नाहीत.' नियम ४ म्हणतो, हे पुरेसे नाही. ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग मिळाला नाही असे सांगा, नाहीतर किती मिळाले ते सांगा. आणि पुष्कळदा सत्य असे असते की रोखा १ लाखाचा झाला, पहिले व्याज जागेवरच कापून हातात ९० हजार आले. हे ९० हजार लिहायला प्रतिवादी घाबरतो, वकील विचारत नाही, आणि ठरावीक वाक्याच्या पोटात खरा बचाव हरवून जातो. १८७५ मधला शेतकरी अंगठ्याने जे गमावत होता, ते आजचा प्रतिवादी छापील कैफियतीने गमावू शकतो. व्यापारी न्यायालयांसाठी २०१५ च्या कायद्याने हा नियम आणखी कडक केला. तिथे नाकारण्याची कारणेही द्यावी लागतात.

मग कलम १२ चा विचार पूर्ण मेला का? माझे मत असे की तो परंतुकांत जिवंत आहे. मान्य असलेली गोष्ट सिद्ध करावी लागत नाही, हा १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ५८ चा नियम आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ५३ मध्ये आहे. पण न्यायालयाला वाटल्यास कबुलीपलीकडचा पुरावा मागता येतो, हे परंतुकही त्याच्यासोबत आले आहे. आदेश ८ च्या नियम ५ लाही तसेच परंतुक आहे. तेवढ्यावरच हे थांबत नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार, कर्ज देताना सावकाराजवळ वैध परवाना होता याची खात्री पटल्याखेरीज न्यायालय त्याच्या बाजूने हुकूमनामा देऊ शकत नाही. ऋणको लाख म्हणो 'देणे कबूल'. परवाना नसेल तर ती कबुली हुकूमनाम्यापर्यंत पोहोचत नाही. आणीबाणीच्या काळातल्या महाराष्ट्र कर्जमुक्ती कायद्याने तर अल्पभूधारक, शेतमजूर, ग्रामीण कारागीर अशा वर्गांची सावकारी देणीच संपवली, आणि १९७७ मध्ये फतेहचंद हिम्मतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. म्हणून कबुली समोर आली की न्यायाधीशाने आणि वकिलाने पहिल्यांदा हे पाहावे की हे देणे कायद्याने वसूल होण्याजोगे तरी आहे का.

कबुलीच्या शेजारी राहणाऱ्या दोन गोष्टी तिच्यापासून वेगळ्या ओळखाव्या लागतात. पहिली, मुदतीच्या कायद्यातली देण्याची पोच. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सही करून लिहून दिले की देणे आहे, तर मुदत नव्याने मोजली जाते; 'देणे आहे, पण देणार नाही' असे लिहिले तरीही. कंपनीच्या ताळेबंदातली नोंदसुद्धा अशी पोच ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बिशाल जयस्वाल प्रकरणात मान्य केले. पण मुदत वाढवायला पुरेशी असलेली पोच हुकूमनाम्याला पुरेशी असेलच असे नाही. दुसरी, तडजोडीचा हुकूमनामा. तो दोघांच्या संमतीने होतो आणि त्यावर अपील चालत नाही. कबुलीवरचा हुकूमनामा न्यायालयाचा स्वतःचा निर्णय असतो आणि त्यावर अपील चालते. 'मी असे कबूल केलेच नव्हते' हे सांगायची वाट उघडी राहते, म्हणून हा भेद पक्षकाराच्या दृष्टीने फार मोठा आहे. दोन्हींची गल्लत करणारे पुरसिस न्यायालयात रोज दाखल होतात.

परदेशातली एक तुलना इथे अस्थानी होणार नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत कर्ज घेतानाच ऋणको लिहून देतो की थकलो तर माझ्या वतीने कोणीही वकील न्यायालयात जाऊन देणे कबूल करील, आणि मला सूचनाही देऊ नका. म्हणजे वाद उद्भवण्याआधीची कबुली. १९७२ मध्ये ओव्हरमायर विरुद्ध फ्रिक या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असे कलम एका कंपनीविरुद्ध ग्राह्य धरले. कारण कंपनीने वकिलांच्या सल्ल्याने, वाटाघाटी करून, त्याच्या बदल्यात काही पदरात पाडून घेऊन ते मान्य केले होते. सूचना आणि सुनावणी यांवरचा हक्क कंपनीने स्वेच्छेने आणि समजून-उमजून सोडला होता, यावर निकालाचा भर आहे, आणि दुबळ्या पक्षावर लादलेल्या कराराची गोष्ट वेगळी असू शकते असेही न्यायालयाने बजावले. घरगुती ग्राहकांच्या कर्जात असे कलम घालायला तिथल्या संघीय व्यापार आयोगाच्या नियमाने १९८५ पासून बंदी आहे. आपल्या कलम १२ ने 'हक्कांची पूर्ण जाणीव' ही कसोटी लावली त्यानंतर जवळपास एका शतकाने, पूर्णपणे वेगळ्या वाटेने, अमेरिकी न्यायालय त्याच कसोटीपाशी आले. तुलनात्मक कायद्याच्या मराठी अभ्यासकाने हा धागा हाती घ्यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्याच्यासाठी एक टोक शिरूर-बारामतीच्या गावांत आहे.

पुढचे काम भरपूर आहे. 'हो, देतो महिनाअखेर' हा व्हॉट्सॲपवरचा निरोप कबुली होतो का? २०२० मध्ये अंबालाल साराभाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे निरोप बोलण्यासारखेच धरले आणि त्यांचा अर्थ व मजकूर पुराव्याने शाबीत करावा लागेल असे सांगितले. त्याशिवाय इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. मोबाइलवरच्या ॲपमधून कर्ज घेताना माणूस 'मान्य आहे' या चौकोनावर बोट ठेवतो तेव्हा तो व्याजाचा हिशेब, दंड, वसुलीच्या अटी यांपैकी काय वाचून मान्य करतो? एकाच दाव्यात कर्जदार कबुली देतो आणि जामीनदार नाकारतो तेव्हा पहिल्याच्या शब्दाने दुसरा बांधला जात नाही हे ठरलेले आहे, पण पहिल्याविरुद्ध लगेच हुकूमनामा द्यावा की दोघांचे एकत्र ऐकावे, यावर न्यायालये प्रकरणागणिक विचार करतात.

या विषयात उतरू पाहणाऱ्याने एक काम अवश्य करावे. जवळच्या न्यायालयात, रीतसर परवानगी घेऊन, कबुलीवर निकाल लागलेला एखादा पैशाचा दावा निशाणी १ पासून वाचावा आणि हुकूमनाम्यापाशी न थांबता दरखास्तीपर्यंत जावे. कबुलीत रक्कम कशी लिहिली आहे, मुद्दल आणि व्याज वेगळे दिसतात का, पुरसिसवर पक्षकाराची सही आहे की फक्त वकिलाची, मजकूर त्याला वाचून दाखवल्याची आणि समजावल्याची नोंद कुठे आहे, न्यायाधीशांनी स्वतः त्याला काही विचारले का, हे टिपावे. आदेश २०, नियम ११ खाली हप्ते मागितले गेले का आणि किती मिळाले, तेही पाहावे. कबूल करणाऱ्या बहुतेक माणसांना खरे तर वेळ हवा असतो आणि तो मागता येतो हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मग दरखास्तीत बेलिफाच्या अहवालावरून कळते की जप्तीत काय सापडले, आणि कलम ६० ने ज्या वस्तूंना हात लावता येत नाही, म्हणजे शेतीची अवजारे, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, त्या वगळल्या गेल्या का. त्यानंतर पुण्याच्या पुराभिलेखागारात जाऊन एकोणिसाव्या शतकातल्या दख्खनच्या कर्जाची कागदपत्रे त्याच प्रश्नांनिशी वाचावीत आणि दोन्ही टिपणे शेजारी ठेवावीत. न्यायालयाने कबुली का स्वीकारली याची कारणे प्रत्येक न्यायनिर्णयात लिहिण्याचे बंधन पुन्हा आणावे की न्यायाधीशांच्या विवेकावर सोडावे, यावर मत बनवायला तेवढी सामग्री हवीच. माझे मत ते बंधन आणावे या बाजूचे आहे. या ग्रंथातल्या दोन लेखकांचे ते नाही, आणि त्यांची कारणे त्यांनी आपापल्या प्रकरणांत सविस्तर मांडली आहेत.